पाव किलोचा पसारा

जगातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांच्या नाकांतले, न्यूमोनिया आणू शकणारे न्यूमोकोकस जिवाणू गोळा करून तागडीत घातले, तर वजन किती भरेल? हिशेब फारसा अवघड नाही. या वयाची मुलं जगात ६५ कोटींच्या आसपास आहेत. श्रीमंत देशांत त्यांतल्या चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, तर आफ्रिकेतल्या काही गावांत दहांतल्या आठ-नऊ मुलांच्या नाकात हा जिवाणू कोणत्याही दिवशी सापडतो. आपण सरसकट निम्मी मुलं धरू, म्हणजे ३३ कोटी. एका नाकात दहा लाख जिवाणू धरू. प्रत्यक्षात हा आकडा काहीशेपासून कित्येक कोटींपर्यंत कुठेही असतो, पण दहा लाख ही हिशेबाला सोयीची संख्या आहे. एकूण झाले ३३० लाख कोटी जिवाणू. एकाचा व्यास जेमतेम एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वजन म्हणाल तर असे एक लाख कोटी जिवाणू एकत्र केले, तरी अर्ध्या ग्रॅमपेक्षा जरासंच जास्त भरतं. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे १९० ग्रॅम.

पाव किलोसुद्धा नाही. नाकामागे दहा लाखांऐवजी एक कोटी जिवाणू धरले तरी सारा माल दोन किलोच्या आत. आणि एवढ्याशा मालानं २०१५ या एका वर्षात, जगाच्या पाठीवर, पाच वर्षांखालच्या सुमारे २ लाख ९४ हजार मुलांचा जीव घेतला. २००० साली हा आकडा जवळजवळ दुप्पट होता.

हेच ३३० लाख कोटी जिवाणू एकापुढे एक ठेवले तर ओळ ३ लाख ३० हजार किलोमीटरची होते. चंद्र इथून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. आणखी एक गंमत पाहा. प्रयोगशाळेत चांगलं खाद्य मिळालं की न्यूमोकोकस साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. एकच जिवाणू घेतला आणि त्याला कशाचीच आडकाठी नाही असं धरलं, तर चोवीस तासांत अठ्ठेचाळीस वेळा दुप्पट होऊन त्याची प्रजा २८१ लाख कोटींवर जाते. म्हणजे साऱ्या जगातल्या बालकांच्या नाकांत मिळून जेवढे आहेत, जवळपास तेवढे एका जिवाणूपासून एका दिवसात होऊ शकतात. तसं होत नाही, कारण नाकात खाद्य तुटपुंजं असतं, शेजारी दुसरे जिवाणू टपलेले असतात, शेंबूड सतत वाहत असतो आणि शरीराचा पहारा असतो. नाकातली ती लाखांतली संख्या म्हणजे रोज प्रचंड प्रमाणात होणाऱ्या जन्म-मृत्यूंची शिल्लक आहे.

ही सगळी निरोगी मुलांची नाकं आहेत, आणि यातला ‘निरोगी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण ज्या मुलांबद्दल बोलतोय ती आजारी नाहीत. ती अंगणवाडीत खेळताहेत, वाटीतला वरणभात सांडताहेत, फार तर नाक गळतंय. न्यूमोकोकसचं खरं घर म्हणजे नाकाच्या मागची, घशाला मिळणारी पोकळी. फुप्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरणं हे त्याच्याही दृष्टीनं वाट चुकणंच आहे. तिथून दुसऱ्या मुलाच्या नाकापर्यंत पोचायला त्याला मार्ग नाही. त्याचा संसार चालतो तो शेंबडावर, खोकल्याच्या तुषारांवर आणि एकमेकांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांवर. ज्या आजारासाठी त्याचं नाव बदनाम आहे, तो आजार त्याला स्वतःला काहीच मिळवून देत नाही.

या जिवाणूचा शोधही एका निरोगी माणसाच्या तोंडातूनच लागला. १८८० साली अमेरिकी लष्करातले डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःची थुंकी सशांना टोचली. स्टर्नबर्ग ठणठणीत होते, ससे मात्र मेले. त्याच वर्षाच्या शेवटी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांना रेबीजनं दगावलेल्या एका मुलाच्या लाळेत तोच जिवाणू सापडला. दोघांचेही निष्कर्ष १८८१ मध्ये छापून आले. स्टर्नबर्ग यांच्या तोंडात हा जिवाणू असून त्यांना काहीच झालं नव्हतं, ही बाब तेव्हा विचित्र वाटली असेल. आज आपल्याला ठाऊक आहे की हाच नियम आहे आणि आजारी पडणं हा अपवाद.

हे मोजतात कसं? बाळाच्या नाकपुडीतून लवचिक तारेचा बारीक बोळा पार मागच्या भिंतीपर्यंत सरकवायचा, क्षणभर फिरवायचा आणि बाहेर काढायचा. बाळ रडतं आणि आई रागानं बघते. जगभरच्या अशा पाहण्यांचा खर्च खरं तर आयांच्या त्या नजरेतच मोजायला हवा. बोळा दुधाची भुकटी, ग्लिसरॉल वगैरे घातलेल्या द्रावणात बुडवून उणे सत्तर अंशांच्या खाली गोठवतात. पुढे तो रक्त मिसळलेल्या अगारवर घासला की दुसऱ्या दिवशी हिरवट वलयाच्या बारीक वसाहती उगवतात. ऑप्टोचिन या रसायनाच्या चकतीजवळ त्या वाढल्या नाहीत, तर बहुधा न्यूमोकोकस. त्यानंतर येतो किचकट भाग, म्हणजे तो नेमका कोणता न्यूमोकोकस हे ओळखणं.

जवळजवळ प्रत्येक न्यूमोकोकसभोवती शर्करेच्या साखळ्यांचं जाडसर आवरण असतं आणि त्या साखळीची घडण प्रत्येक जातीत निराळी. अशा घडणींना सिरोटाइप म्हणतात. २०२० मध्ये त्यांची संख्या शंभरावर पोचली. शरीराचा पहारा हेच आवरण ओळखतो. ६बी हा सिरोटाइप ओळखायला शिकलेलं शरीर २३एफला ओळखत नाही. त्यामुळे लस करायची म्हणजे एका रोगावर शंभर वेगवेगळ्या लसी करण्यासारखं. कुणी तसं करत नाही. जे सिरोटाइप मुलांना सर्वांत जास्त आजारी पाडतात तेवढेच निवडतात. अमेरिकेत २००० साली आलेल्या पहिल्या लसीत सात होते, २०१० मध्ये तेरा झाले आणि आता वीस सिरोटाइपांची लसही मुलांना मिळते. शंभरातले वीस.

इथून पुढे आकडे चक्रावून टाकतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांत २००१ पासून दर तीन वर्षांनी लहान मुलांच्या नाकांची पाहणी झाली. लस नुकतीच सुरू झाली होती तेव्हा, २००१ मध्ये, २६ टक्के मुलांच्या नाकात न्यूमोकोकस होता. २००४ मध्ये २३ टक्के. २००७ मध्ये, जवळजवळ सगळ्या लहानग्यांना लस मिळून झाल्यावर, ३० टक्के. इंग्लंडमध्ये लस २००६ मध्ये आली. तिथेही पाच वर्षांखालची साधारण निम्मी मुलं आधी वाहक होती आणि नंतरही निम्मीच राहिली.

वर्तमानपत्राला मथळा हवा असेल तर तो इथे आयता आहे: ‘लस घेतलेल्या मुलांच्या नाकात जिवाणू जसेच्या तसे!’ मथळा खोटा नाही, पण त्यावरून लस फुकट गेली असं जो समजेल त्याला पुढचा आकडा दाखवायला हवा. अमेरिकेत पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांत, न्यूमोकोकस रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरून झालेले आजार १९९८ साली ९५ होते. २०१९ साली ते ७ उरले. लसीतल्या तेरा सिरोटाइपांपुरतं पाहिलं तर लाखामागे ८८ वरून २. नाकं भरलेलीच आहेत आणि अतिदक्षता विभागातल्या खाटा रिकाम्या झाल्या आहेत.

हे दोन आकडे शेजारी ठेवून जरा ढोबळ गणित करू. एक लाख मुलं घ्या. मॅसॅच्युसेट्सचं प्रमाण सगळीकडे लावलं तर कोणत्याही दिवशी त्यांतली सुमारे तीस हजार वाहक असतात. एका जिवाणूचा नाकातला मुक्काम दोन महिन्यांचा धरला, तर वर्षाला सहा पाळ्या, म्हणजे एक लाख मुलांमागे वर्षाकाठी १ लाख ८० हजार मुक्काम. १९९८ च्या हिशेबानं त्यांतले ९५ मुक्काम जिवावर बेतायचे, म्हणजे साधारण एकोणीसशेत एक. २०१९ च्या हिशेबानं ७, म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त मुक्कामांत एक. मुक्कामांची संख्या हलली नाही, तो धोकादायक ठरण्याची शक्यता मात्र तेरा-चौदा पटींनी घटली. मुक्काम दोनऐवजी तीन महिन्यांचा धरला तर दोन्ही आकडे बदलतात, त्यांचं गुणोत्तर तेच राहतं. (कानाचे संसर्ग आणि रक्तापर्यंत न पोचलेला न्यूमोनिया यात धरलेले नाहीत. ते आजार पुष्कळ जास्त आहेत आणि मोजायला पुष्कळ अवघड.)

नाकात नेमकं घडलं काय? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण सगळे पाहतो. लसीनं तेच काही ठरावीक रुमाल उचलून फेकले. सीट मोकळी झाली आणि स्टँडवर ताटकळणारे दुसरे प्रवासी येऊन बसले. गाडी भरलेलीच राहिली. मॅसॅच्युसेट्समध्ये २००१ साली नाकात सापडलेल्या जिवाणूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लसीतल्या सात सिरोटाइपांचे होते, २००७ पर्यंत ते जवळजवळ दिसेनासे झाले. त्यांची जागा १९ए, १५, ३५बी अशा इतरांनी घेतली. त्यांतला १९ए तापट निघाला, म्हणून तो पुढच्या लसीत घ्यावा लागला.

नवे प्रवासी जुन्यांइतके धोक्याचे नव्हते, हे या कथेतलं नशीब. अर्थात त्याला निव्वळ नशीब म्हणणं अन्याय होईल, कारण लसीत कोणते सिरोटाइप घ्यायचे हे आजारी मुलांकडे बघून ठरलं होतं. सिरोटाइपांच्या स्वभावातलं अंतर थक्क करणारं आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की नाकात असण्याच्या तुलनेत शरीरात घुसण्याची क्षमता १, ५ आणि ७ या सिरोटाइपांत ३, ६ए आणि १५ यांच्यापेक्षा साठ पटींपर्यंत जास्त आहे. सिरोटाइप १ निरोगी मुलांच्या नाकात क्वचितच सापडतो, पण सापडतो तेव्हा घाबरण्याचं कारण असतं. नाकातली एकूण टक्केवारी सांगणं म्हणजे साठ पट फरक असलेल्या गोष्टींची एकत्र बेरीज करणं.

तरीही रिकाम्या जागा कुणी भरल्या, हे फक्त आवरणावरून पूर्ण कळत नाही. मॅसॅच्युसेट्सच्याच मुलांच्या नाकांतल्या ६१६ न्यूमोकोकसांचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका न्यूमोकोकसमध्ये सुमारे २२ लाख अक्षरं आणि दोन हजारांहून थोडी जास्त जनुकं असतात. पण ६१६ जणांची मिळून यादी केली तर जनुकांचे ५,४४२ गट निघाले, आणि सगळ्यांत सामाईक गट होते फक्त १,१९४. म्हणजे एकाच राज्यातल्या, एकाच वयाच्या मुलांच्या नाकांत राहणारे हे सख्खे भाऊबंद निम्म्याच जनुकांपुरते एकमेकांसारखे. आणि लसीनंतर, आवरणं एवढी बदलूनही, सगळी वस्ती मिळून पाहिली तर जनुकांचा एकूण साठा जवळपास पूर्वीसारखाच राहिला. वेश बदलला, घराणं फारसं बदललं नाही.

हा वेशबदल त्याला जमतो कसा, यामागे जीवशास्त्रातला एक मोठा इतिहास आहे. १९२८ मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी याच जिवाणूवर काम करताना पाहिलं की मेलेल्या घातक न्यूमोकोकसचं काहीतरी जिवंत, निरुपद्रवी न्यूमोकोकस उचलतो आणि स्वतः घातक होतो. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ओस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. आनुवंशिकतेचा पदार्थ कोणता, या प्रश्नाचं उत्तर नाकातल्या या रहिवाशानं दिलं. आजही तो तेच करतो. स्पेनमधून जगभर पसरलेल्या एका बहुऔषधरोधी वंशावळीतले २४० जिवाणू तपासले, तेव्हा साध्या बदलांचा वेग २२ लाख अक्षरांमागे वर्षाला साडेतीन अक्षरं इतका कूर्मगतीचा निघाला. पण दुसऱ्या न्यूमोकोकसकडून अख्खे तुकडे उचलून बसवण्याचे प्रसंग सातशेहून जास्त सापडले. एका बाळाच्या नाकात दोन-तीन वंश एकत्र राहत असतील, तर तेच नाक त्यांच्या देवाणघेवाणीचा बाजार असतं. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या माएला निर्वासित छावणीत, २.४ चौरस किलोमीटरच्या जागेत, मुलं आणि त्यांच्या आयांच्या नाकांतून गोळा केलेल्या ३,०८५ न्यूमोकोकसांचे जीनोम वाचले गेले. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी जागा, आणि त्यात उत्क्रांतीचं केवढं काम चाललेलं!

पण एक गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा जास्त अचंबित करते. नाकात लाखो जिवाणू असतात खरे, पण उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की रक्तातला संसर्ग पुष्कळदा एकाच जिवाणूच्या संततीचा असतो. हजारो आत घुसायला बघतात, पहारा त्यांना मारतो आणि एक निसटतो. एका पिल्लाकडून दुसऱ्या पिल्लाकडे जातानाही असाच अरुंद दरवाजा लागतो, बहुतेकदा एकाच जिवाणूपुरता. संख्येचा एवढा डोंगर, आणि निर्णय मात्र एकावर.

माणसांत ही दाटी मोजणारं एक मोठं काम सात देशांत झालं, त्यांत बांगलादेश, केनिया, गाम्बिया हेही होते. तिथे कळलं की बाळाच्या नाकातल्या एका मिलिलिटरमागे जिवाणूंची संख्या ८० लाखांच्या आसपास किंवा वर गेली, तर त्याच्या न्यूमोनियामागे न्यूमोकोकस असण्याची शंका बळावते. ८० लाख जिवाणूंचं वजन मिठाच्या एका कणाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

निरोगी मुलाच्या नाकात हा जिवाणू मुद्दाम सोडून बघणं कुणी करणार नाही. प्रौढांत मात्र तसं केलं गेलंय. लिव्हरपूलमध्ये स्वयंसेवकांच्या प्रत्येक नाकपुडीत ६बी सिरोटाइपचे सुमारे ८०,००० जिवाणू टाकतात आणि ते मुक्काम करतात का ते पाहतात. लस न घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या नाकात त्यांनी बस्तान बसवलं. तेरा सिरोटाइपांची लस घेतलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांवर आलं. रक्तातून नाकात झिरपलेली प्रतिपिंडं जिवाणूंचे गोळे करून टाकतात आणि ते शेंबडाबरोबर वाहून जातात. म्हणजे लस फक्त रक्ताची राखण करत नाही, नाकाच्या दारातही उभी राहते, पण ओळखीच्या चेहऱ्यांपुरतीच.

दारातल्या या पहाऱ्याचा फायदा ज्यांना लस मिळालीच नाही त्यांनाही होतो, कारण नातवाच्या नाकात नसलेला सिरोटाइप आजीला लागत नाही. अमेरिकेत लस सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती तेव्हाचा, २००३ चा, अंदाज असा आहे: लस घेतलेल्या मुलांत सुमारे नऊ हजार गंभीर आजार टळले आणि लस न घेतलेल्यांत, त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ, सुमारे वीस हजार. टोचलं नातवंडांना आणि दुपटीहून जास्त फायदा आजी-आजोबांसकट बाकीच्यांना.

आता थोडं पुण्याकडे येऊ. सीरम इन्स्टिट्यूटची दहा सिरोटाइपांची न्यूमोसिल ही लस २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्र यादीत गेली. तिची मोठी चाचणी गाम्बियात २,२५० बाळांवर झाली होती, जिथे हा जिवाणू जन्मानंतर काही आठवड्यांतच नाकात येऊन बसतो. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकोकसची लस २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही भागांत सुरू झाली आणि २०२१ पासून देशभर पसरली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, असे तीन डोस. न्यूमोसिलच्या एका डोसमध्ये जिवाणूच्या आवरणातली शर्करा असते २२ मायक्रोग्रॅम. तिन्ही डोस मिळून ६६, म्हणजे मिठाचा साधारण एक कण. देशात वर्षाला जन्मणाऱ्या अडीच कोटी बाळांना हीच लस द्यायची म्हटली तरी लागणारी सगळी शर्करा भरते १ किलो ६५० ग्रॅम.

ती सुटी शर्करा दोन वर्षांखालच्या बाळाला दिली तर काही होत नाही. त्या वयात शरीर निव्वळ साखरेला शत्रू मानत नाही. म्हणून प्रत्येक सिरोटाइपची शर्करा वेगळी वाढवून, शुद्ध करून, घटसर्पाच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रसायनानं जोडावी लागते. दहा सिरोटाइप म्हणजे दहा वेगळी उत्पादनं, शेवटी एका कुपीत. महाग पडतं ते यामुळे, कच्च्या मालामुळे नाही.

पुढचा प्रश्न डोसांचा. जानेवारी २०२० पासून ब्रिटननं बाळांचा एक डोस कमी केला. पूर्वी पहिल्या वर्षात दोन आणि वर्षानंतर एक होता, आता पहिल्या वर्षात एक आणि वर्षाचं झाल्यावर एक. हे धाडस त्यांना करता आलं, कारण लसीतले बहुतेक सिरोटाइप मुलांच्या नाकांतून इतके हटले होते की तान्ह्या बाळाला ते देणारं कुणी उरलं नव्हतं. सहा-सात लाख बाळांचा देश, म्हणून वर्षाला तेवढेच डोस वाचले. आपल्याकडे तसं कधी जमलं तर वर्षाला अडीच कोटी डोस वाचतील. पण त्यासाठी आधी धावत्या, खेळत्या, काहीही न झालेल्या मुलांच्या नाकांत बोळे घालून बघावं लागेल, गावोगाव आणि वर्षानुवर्षं, आणि टक्केवारीच्या आधी सिरोटाइप विचारावा लागेल.